उवांच्या मागे वऱ्हाडात

वऱ्हाडात राहून आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "चिखलदरा पाहिलात का?" नाही पाहिला. "मग इतके दिवस केलंत काय?" मी सांगते, उवा पाहिल्या. समोरचा हसतो, मी हसत नाही हे बघून गप्प होतो, आणि मग कुठल्या तरी कामाची आठवण होऊन उठतो. मिरजेत माझ्याकडे येणारी माणसं आधीच बोटांवर मोजण्याएवढी. त्यातली दोघं या प्रवासापायी गेली. जाऊ देत. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी थंड हवेच्या ठिकाणांची वर्णनं वाचावीत, ढीगभर आहेत.

मी कातडीची डॉक्टर. म्हणजे होते. गुडघ्यांनी दगा दिला तसा दवाखाना बंद केला, आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की माझ्याशी बोलणारी झाडून सगळी माणसं दवाखान्यातच येत होती. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी एकटी. दूधवाला पिशवी दाराला अडकवतो, पेपरवाला पेपर फेकतो. दिवसचे दिवस असे जायचे की तोंडातून शब्द निघायचा तो फक्त मांजरावर ओरडायला, आणि ते मांजरही शेजाऱ्यांचं.

अशात अमरावतीहून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी आधी "जय भीम" म्हटलं, मग नाव सांगितलं, सुनंदा गवई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्या आणि त्यांच्यासारखी काही निवृत्त मंडळी मिळून फुटपाथवर राहणाऱ्यांची दुखणीखुपणी बघतात. थंडी पडली तशी माणसं अंग ओरबाडून काढताहेत, कातडीतलं कळणारं कुणी हवंय, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला, वगैरे. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. समाजसेवेचा उमाळा आला, असं म्हणवत नाही. कुणीतरी बोलावलं, म्हणून गेले.

अमरावती

स्टँडवर सुनंदाताई स्कूटर घेऊन उभ्या. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि तिच्यावर हेल्मेट. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच का डाक्टर मॅडम? मले वाटलं, धडधाकट बाई येईन."

माझं तोंड उतरलं असणार. त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. इकडची माणसं मनात आलं की बोलून टाकतात, आणि बोलून झालं की चहा पाजतात. आमच्याकडे आधी चहा पाजतात आणि बोलतात ते आपण गेल्यावर. दोन दिवसांत मला इकडची पद्धत जास्त सोयीची वाटायला लागली. माझ्या बोलण्याची मात्र त्या रोज टर उडवायच्या. "तुमी बोलून राहिल्या का वाटते, बातम्या लागल्या."

उवांचं सांगते, मग पुढे जाऊ. डोक्यातल्या उवा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. ह्या वेगळ्या. ह्या राहतात कपड्यात, शिवणीच्या आत. भूक लागली की अंगावर येतात, रक्त पितात आणि परत शिवणीत जाऊन बसतात. लिखाही तिथेच घालतात. ज्याच्याकडे बदलायला दुसरा कपडा आहे आणि धुवायला गरम पाणी आहे, त्याच्याकडे त्या टिकत नाहीत. म्हणजे हा रोग कातडीचा कमी आणि घर नसण्याचा जास्त. हे मी पुस्तकात वाचलं होतं. एवढ्या वर्षांच्या दवाखान्यात असा रोगी हाताच्या बोटांवर, कारण ज्याला हा रोग होतो तो दवाखान्याची पायरी चढतच नाही.

आदल्या हिवाळ्यात सुनंदाताईंच्या मंडळींनी सरळ हिशेब केला होता. जुने कपडे आणि पांघरुणं गोळा केली, नवी दिली, जुन्यांना काडी लावली. दुसऱ्या दिवसापासून स्कूटरचा आवाज आला की माणसं उठून पळायला लागली. "आमाले वाटलं, चांगलं करून राहिलो," सुनंदाताई म्हणाल्या. "ज्याच्यापाशी एकच चादर हाय, त्याच्यासमोर ते जाळली आमी." म्हणून यंदा पोटात घ्यायच्या गोळ्या, आयव्हरमेक्टिनच्या. गोळी घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायली की उवा मरतात. कपडा काढून घ्यायला नको, कुणाला उघडं करायला नको. अडचण एकच, की लिखांना या गोळीचं काही होत नाही. त्या फुटून नवी पिलावळ बाहेर पडते, म्हणून आठवड्यानं परत गोळी आणि त्याच्या पुढच्या आठवड्याला पुन्हा. तीन वेळा तोच माणूस सापडायला हवा. आणि घर नसलेला माणूस तीनदा सापडणं म्हणजे काय, ते तिथं गेल्यावर कळतं.

सकाळी ऊन भिंतीवर आलं की आम्ही स्टेशनच्या बाजूला जायचो. गोळ्या किती द्यायच्या ते वजनावर ठरतं, म्हणून सोबत वजनकाटा. आता गंमत बघा, ही माणसं आहे नाही तो सगळा कपडा अंगावर घालतात. एकेका बाईच्या अंगावर तीन तीन साड्या, वर शर्ट, त्यावर कुणाचं तरी जाकीट. काट्यावर उभ्या राहिल्या की चांगल्या गुटगुटीत भरतात, आणि मनगट हातात घेतलं की काडी. मी अंदाजानं वजन उतरवायची.

शकीलाबी पहिल्यांदा भेटली ती या काट्यावर. साठीची असेल, जास्तही असेल. खांद्यावर घडी घातलेली रजई घेऊनच काट्यावर चढली.

"रजई खाली ठेवा," मी म्हटलं.

"नाही ठेवत."

"अहो, वजन चुकेल."

"चुकू द्या."

सुनंदाताई म्हणाल्या, "मंग रजईले बी गोळी द्या लागन, शकीलाबी." आजूबाजूचे हसले, ती नाही हसली. गोळ्या दिल्यावर मात्र माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "यानं सगळ्या जातीन? एकबी उरनार नाही?"

"तीनदा घेतल्यात तर एकही उरणार नाही."

"कसम खा."

मला राग आला. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी शपथ मागितली नव्हती. "डॉक्टर सांगते म्हणजे झालं," मी म्हटलं. तिनं गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं तसं.

तिची पाठ मी पाहिली. दोन खांद्यांच्या मधे आणि कमरेला कातडी काळीठिक्कर, जाड, म्हशीच्या खांद्यासारखी, आणि त्यावर नखांच्या रेघा. वर्ष दीड वर्ष सतत खाजवल्याशिवाय अशी पाठ होत नाही. तिची हकीकत तिनं त्या दिवशी सांगितली नाही, हळूहळू सांगितली, पण मी इथंच सांगून टाकते. घर मूळ अकोल्याचं. नवरा कापूस पिंजायचा, ही रजईला टाके घालायची. लोक दुकानातून फोमच्या गाद्या आणायला लागले तसं काम सुटलं, मग नवराही गेला. पोटी मूल नाही. थोरल्या बहिणीकडे, जैतूनबीकडे राहायला लागली. एकदा एका उरुसाला गेली, गर्दीत कुणाच्या तरी अंथरुणाला अंथरूण लागलं, आणि येताना उवा घेऊन आली. घरात तान्हं बाळ. जैतूनबीची सून धास्तावली. हिला कुणी जा म्हटलं नाही. फक्त एक दिवस हिचं ताट आणि अंथरूण बाहेर ओट्यावर मांडलेलं दिसलं.

"बहीण काय म्हणाली?" मी विचारलं.

"काहीच नाही. मान खाली घालून बसली."

ही रजई उचलून चालती झाली ती अमरावतीत येऊन थांबली. आता तिच्या मनात एकच होतं. उवा जायला हव्यात, आणि मग अकोल्याला जायचं, बहिणीच्या घरी. "पन पुन्हा ताट बाहेर मांडलं, तं मी जगत नाही बाई," असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, बाजारभाव सांगावा तसं.

वरूड आणि मोझरी

पहिल्या गोळीनंतर आठवडाभर मला तसं काम नव्हतं. सुनंदाताई म्हणाल्या, "लॉजवर बसून का भिंती मोजता? जा, हिंडून या." म्हणून हिंडले.

आधी वरूड. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे थंडीतलं पीक, उतरत होता. रस्त्यानं जिकडे बघावं तिकडे ट्रॅक्टर, ट्रक, पेट्या आणि संत्र्यांचे डोंगर, आणि सगळ्या गावाला सालीचा वास. सुनंदाताईंच्या ओळखीच्या एका बागेत गेले. मालकीणबाईंनी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. रोडगा म्हणजे पदर सुटलेला कणकेचा गोळा, फोडून त्यावर तूप. भाजी अशी तिखट की माझे कान वाजायला लागले. आमच्या कोल्हापूर-मिरजेकडे तिखटाचा फार तोरा, तो तिथं उतरला. डोळ्यांतून पाणी आलं तशा बाई म्हणाल्या, "तिखट लागलं का जी? आज कमीच टाकलं होतं."

निघताना त्यांनी पिशवी काढली. "घरी किती जन हायेत?"

आणि मी, का कोण जाणे, म्हटलं, "पाच."

त्यांनी पाच जणांची संत्री भरली. पिशवी एवढी जड की मला दोन हातांनी उचलेना. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःचाच असा राग आला म्हणता. या वयात अनोळखी बाईपुढे खोटं बोलायला काय झालं होतं? खरं सांगितलं असतं तर चार संत्री हातावर ठेवली असती आणि खाऊन मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी तिवश्याच्या बाजूला गुरुकुंज मोझरीला गेले. आश्रमातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले. माणसं रांगेत, ताठ, चिडीचूप बसतात, मग एका सुरात म्हणायला लागतात. शेजारी यवतमाळकडच्या एक आजी होत्या. प्रार्थना झाल्यावर त्यांनी सहज माझ्या गुडघ्यावर हात टेकला आणि उठल्या. म्हणाल्या, "बसून बसून आखडते मा." एवढंच. गर्दीत मिसळून गेल्या. मी मात्र बराच वेळ तिथं बसून राहिले.

पुन्हा अमरावती

दुसऱ्या फेरीला निम्मी माणसं गायब. कुणी बडनेऱ्याला गेलं, कुणी गाडीत बसून कुठं गेलं देव जाणे. सुनंदाताई प्रत्येक चहावाल्याला विचारत हिंडल्या. शकीलाबी मात्र जागेवर, आमच्या आधी हजर. संत्री मी तिथंच वाटून टाकली. गोळ्यांपेक्षा संत्र्यांना जास्त गिऱ्हाईक होतं.

आता प्रश्न रजईचा. कपडे तिनं सुनंदाताईंच्या सांगण्यावरून गरम पाण्यात धुतले, पण रजई धुवायला देईना. आणि तिचं बरोबर होतं, कापूस भिजला की गोळे होतात, मग ती रजई राहत नाही. पिशवीत बांधून महिनाभर ठेवली असती तरी उवा आपोआप उपाशी मेल्या असत्या, पण थंडी मी म्हणत होती. नवं ब्लँकेट दिलं, तर म्हणाली, "हे दुसऱ्याले द्या." तिच्या नवऱ्यानं पिंजलेला तो शेवटचा कापूस होता.

मला एक जुना उपाय आठवला, शिवणींवरून कडक इस्त्री. लॉजच्या खाली एक इस्त्रीवाला बसायचा, कोळशाची भली मोठी इस्त्री. त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "रजईले इस्त्री? कोनं सांगतली तुमाले?" मग उवांचं कळल्यावर हातच जोडले. "मॅडम, माह्यं गिऱ्हाईक पयून जाईन." शेवटी जुनी इस्त्री आणि एक फळी दिली, अट अशी की पार गल्लीच्या टोकाला जाऊन काय ते करा.

तर मिरजेची एक त्वचारोगतज्ज्ञ भर दुपारी अमरावतीच्या गल्लीत उकिडवी बसून रजईला इस्त्री करते आहे, असं ते दृश्य. शिवणीवर इस्त्री टेकली की आतून बारीक चटचट आवाज यायचा. शकीलाबी कान देऊन ऐकायची आणि प्रत्येक आवाजाला समाधानानं मान हलवायची. मला चेव चढला. इतका, की एका कोपऱ्यावर इस्त्री जास्त वेळ राहिली आणि जळकट वास आला. कापड करपून चांगला तळहाताएवढा डाग पडला. तिनं तो डाग चाचपला, वास घेतला आणि म्हणाली, "जयलं तं जयलं. ह्या कोन्यात तं आता त्या येनार नाहीत." मग माझ्या हातातून इस्त्री घेऊन उरलेल्या शिवणी तिनंच केल्या, आणि मला फक्त धरायला सांगितलं.

त्याच आठवड्यात लॉजवर माझ्या झंपराच्या शिवणीत मला एक सापडली. चांगली टपोरी. मी दार लावून घेतलं, पुन्हा एकदा लावलंय ना ते बघितलं. सगळं कळतं मला, कशी होते, कशी जाते, आणि तरी आधी लाज वाटली, खाज नंतर. मिरजेत कुणाला कळलं तर, हाच विचार. मग हसू आलं, कारण मिरजेत कळायला कोण होतं? कपडे उकळून घेतले, स्वतःला काट्यावर तोललं आणि गोळ्या घेतल्या. सुनंदाताईंना नाही सांगितलं, त्यांनी अमरावतीभर केलं असतं. शकीलाबीला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुमाले बी ताट बाहेर लागन आता," म्हणाली. मीही हसले. किती महिन्यांनी हसले ते आठवत नाही.

अकोला

तिसरी गोळी झाली. सुनंदाताईंच्या घरी तिला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, कपडे पाहिले, रजईची शिवण न् शिवण भिंग लावून पाहिली. एकही नाही, लीखसुद्धा नाही. सुनंदाताईंना फेरी सोडून येता येईना, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

एस.टी.त मूर्तिजापूरला एक बाई चढली आणि आमच्या सीटवर खेटून बसली. शकीलाबीनं अंग चोरलं, पदर आवरला, श्वासही बारीक घेतला. त्या बाईला पत्ता नव्हता. थोड्या वेळानं तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं शकीलाबीच्या खांद्यावर आलं. शकीलाबी अकोल्यापर्यंत दगडासारखी बसून राहिली. तिचा खांदा अवघडला असणार, पण हलली नाही.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो. गल्ल्या अरुंद होत गेल्या तशी तिची चाल मंदावली. एका वळणावर थांबून म्हणाली, "डाक्टरीनबाई, दिसत तं नाही ना काही?"

"काय दिसणार? काही उरलंच नाही."

घराला पडदा होता. जैतूनबी दाराशी खाटेवर, पाय सुजलेले, हातात तसबीची माळ. बहिणीला पाहून तिनं फक्त, "आ गई?" एवढंच म्हटलं. सून रुखसाना बाहेर आली, सलाम केला, मला खुर्ची दिली. कडेवर बाळ, आता चालण्याजोगं झालेलं. चेहरा वाईट नव्हता बिचारीचा, फक्त सावध होता. मी माझं काम केलं. रोग पूर्ण बरा झालाय, मी स्वतः तपासलंय, मी डॉक्टर आहे. तिनं मान डोलावली. जेवणाची वेळ होती. जैतूनबी आत येऊन बसली, जेवणाचं दस्तरखान अंथरलं, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, रस्सा. शकीलाबीचं ताट आत, जैतूनबीच्या शेजारी मांडलं. ते ताट बघून माझा जीव भांड्यात पडला.

दोन घास झाले असतील. शकीलाबीचा डावा हात मागे गेला आणि ती पाठ खाजवायला लागली. तिला कळलंसुद्धा नाही. मग कमरेला, मग परत पाठीला.

रुखसानाचा घास हातात राहिला. तिनं मुकाट्यानं बाळ उचललं आणि भिंतीशी सरकली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरजेच्या प्रत्येक रोग्याला मी जन्मभर बजावत आले, औषधानं किडा मरतो, खाज लगेच जात नाही, महिना दीड महिना राहते. इतक्या दिवसांच्या जाड झालेल्या कातडीची तर बातच नको. हे वाक्य मी शकीलाबीला सांगितलं नव्हतं, या घरालाही नाही. एकही उरणार नाही, एकही उरणार नाही, याच तोऱ्यात मी राहिले. तिनं शपथ मागितली त्याचा राग धरून बसले आणि सांगायचं तेच विसरले.

मी घाईघाईनं समजावायला लागले. कातडी, मज्जातंतू, सवय, सगळं. जितकं बोलले तितकं ते खोटं वाटायला लागलं, माझं मलाच. रुखसानानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, काही नाही म्हणता, मंग डाक्टरले सोबत काहून आना लागलं?"

माझं तिथं असणंच शकीलाबीच्या विरोधात गेलं होतं.

शकीलाबीचा हात खाली आला होता. ती कुणाकडे बघत नव्हती. तिनं आपलं ताट उचललं, पाण्याचा पेला त्यात ठेवला आणि उठायला लागली, ओट्याकडे जायला. कुणी सांगायच्या आत. अमरावतीत ती जे म्हणाली होती ते मला त्या खोलीत स्पष्ट ऐकू आलं.

"किधर चली?" जैतूनबीनं विचारलं.

"बाहेर बसते आपा."

"बैठ."

ती उभीच. जैतूनबीनं हात लांब करून तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आपल्या ताटाला चिकटवून ठेवलं. "इधर पीठ कर," म्हणाली. शकीलाबी वळली. जैतूनबीनं उष्टा हात पाण्यानं धुतला, पदराला पुसला, आणि बहिणीच्या झंपरात पाठीमागून हात घालून खाजवायला लागली. जाड, काळ्या कातडीवर, नखांनी, चांगलं जोर लावून. "इधर? या नीचे?" विचारत होती. आणि मग, कुणाकडेही न बघता, म्हणाली, "उस टैम मैं कुछ नै बोली. गलती मेरी."

शकीलाबीनं डोळे मिटून घेतले. तिच्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्याचा की बरं वाटल्याचा, मला सांगता येणार नाही. रुखसाना भिंतीशी उभी होती ती उभीच राहिली. ती काही एका क्षणात बदलली नाही, आणि ते मी तसं लिहिणारही नाही. पण थोड्या वेळानं तिनं बाळ खाली ठेवलं, आतून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि सासूच्या हाताशी ठेवून परत भिंतीशी जाऊन बसली. बाळ दुडदुडत गेलं आणि शकीलाबीनं दाराशी ठेवलेल्या रजईवर बसलं. कुणी त्याला उचललं नाही.

मी जेवण संपवलं. "येते," म्हटलं. रुखसानानं मान हलवली. त्या दोघींचं लक्ष नव्हतं. जैतूनबी तेल लावत होती आणि आता दोघी काहीतरी जुनं, भराभर, आपसात बोलत होत्या, मला न कळणाऱ्या नावांचं.

पुलापर्यंत चालत आले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. तिथं मला रडू आलं. शकीलाबीसाठी असतं तर बरं दिसलं असतं, पण तिच्यासाठी नव्हतं. जन्मभर मी लोकांच्या पाठी पाहिल्या, हजारो पाठींवरून हात फिरवला, आणि माझ्या पाठीला आई गेल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.